चौघांचा एक पासवर्ड

काकांना बाबांनी कधी चोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर काकांना निदान उत्तर देता आलं असतं.

कुपवाडच्या एमआयडीसीत बाबांचं वर्कशॉप आहे. पंपांचे सुटे भाग, सात कामगार, आणि ऑफिस म्हणजे पत्र्याच्या पार्टिशनमागे एक टेबल, त्यावर एक कॉम्प्युटर. काका तिथे 19 वर्षं हिशेब बघत होते. गेल्या वर्षी मार्चमध्ये माल देणाऱ्या व्यापाऱ्याचा मेल आला: ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, पैसे या नव्या खात्यावर पाठवा. नेहमीची सही, नेहमीचा लोगो, सोबतचं बिलही खरं. पत्त्यात फक्त एक अक्षर जास्त. काकांनी 3 लाख 80 हजार पाठवले. बाराव्या दिवशी त्याच व्यापाऱ्याचा फोन आला, "पेमेंटचं काय झालं हो?"

आम्ही 1930 ला फोन केला, पोलिसांत तक्रार दिली. पण तोवर पैसे या खात्यातून त्या खात्यात करत पार निघून गेले होते. (त्या नंबरचा खरा उपयोग पहिल्या काही तासांत. बाकीचा लेख विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.)

खरं बिल त्यांना मिळालं कुठून? आमच्याच मेलबॉक्समधून. कुणीतरी आत शिरून सेटिंगमध्ये एक नियम लावून ठेवला होता. येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत त्याला जायची. मग मोठं बिल येईपर्यंत तो शांत बसला. कुलूप फोडायची गरजच पडली नव्हती. वर्कशॉपचं नाव आणि पुढे 123 हा आमचा पासवर्ड, चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला. बाबा, काका, बिलं करणारा मुलगा आणि मी, चौघांना तो ठाऊक. "घरातल्यासारखी माणसं आहेत, त्यांच्यापासून काय लपवायचं?" हे बाबांचं म्हणणं. आणि दुसरं म्हणणं, "आपल्यासारख्या लहानांना कोण विचारतंय?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. जून 2017 मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि इकडे न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. ते सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी मर्स्कपुढे अगदीच लहान होती. लहान असणं म्हणजे लपलेलं असणं नव्हे.

पहिलं म्हणणं मात्र मला अजून पूर्ण खोडता येत नाही. विश्वासावरच तर लहान धंदा चालतो. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्यायचं, खातं बदललं की मेलवर न विसंबता आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, मोठी रक्कम दोघांच्या संमतीशिवाय पाठवायची नाही, हे सगळं बाबांना अपमानासारखं वाटायचं. काकांनाही वाटलं असतं कदाचित.

पण माझ्या आजीच्या बचत गटात पैशांची पेटी एकीकडे असायची आणि किल्ली दुसरीकडे. दर बैठकीत हिशेब मोठ्याने वाचला जायचा. त्यात कुणाला अपमान वाटल्याचं मी ऐकलं नाही. आजीला विचारलं तर म्हणाली, "अगं, पेटी माझ्याकडे होती म्हणून तर किल्ली नको होती मला. उद्या दहा रुपये कमी भरले तर?"

आमच्याकडे पेटीही सगळ्यांकडे आणि किल्लीही सगळ्यांकडे. मशीनच्या लेखी आम्ही चौघं एकच माणूस होतो. कोणी काय केलं हे सांगणारी नोंदच नव्हती, आणि नोंद नसली की लोक अंदाजावर जातात. बाबा चेकबुक घरी आणू लागले. काका आले की फोनवरचं बोलणं थांबायचं. दिवाळीआधी एका संध्याकाळी काकांनी ड्रॉवरच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "मालक, आता डोळे साथ देत नाहीत." बाबांनी त्यांना थांबवलं नाही.

जानेवारीत मला कळलं. कॉलेजात असताना मी एका शॉपिंग साइटवर वर्कशॉपचाच मेल आणि तोच पासवर्ड देऊन खातं उघडलं होतं. पुढे त्या साइटचा डेटा फुटला. आमचा मेल त्या यादीत होता. चोर बहुधा तिथूनच आला. 'बहुधा'च म्हणावं लागतं, कारण खात्री करायला काही उरलेलं नाही. आणि मी पुण्यात आयटीत नोकरी करते, हेही इथे सांगायलाच हवं.

बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. रविवारी आम्ही दोघं काकांकडे गेलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत. काकूंनी पोहे आणले. मग काका मला म्हणाले, "पासवर्ड तुलाही माहीत होता ना, बाळ? मग चेकबुक तुझ्यापासून का नाही लपवलं?"

बाबा खाली बघत राहिले. मलाही उत्तर सुचलं नाही. मुलीवर संशय घ्यायचा नसतो, पगारावरच्या माणसावर घेता येतो. हे आमच्यापैकी कुणी ठरवलं नव्हतं, आणि चौघांनाही माहीत होतं.

आता वर्कशॉपमध्ये प्रत्येकाचं लॉगिन वेगळं आहे आणि आत जायला फोनवरचा कोडही लागतो. बाबा कुरकुरतात, पण चष्मा शोधून कोड टाकतात. काकांच्या नावानेही एक लॉगिन बनवून ठेवलंय. परवा बाबांनी त्यांना फोन केला होता. काय बोलले ते मी विचारलं नाही.