गाठ, संशय आणि तीन साक्षीदार

वऱ्हाडात बायांच्या छातीतल्या गाठीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, “दुखत त नाही ना, मंग कायले जाचं डाक्टरपाशी?” तर्क आहे, पण उलटा. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात हे खरं; पण आपली त्यांतली आहे, हे कोणाच्या भरवशावर म्हणायचं?

हा प्रश्न वैद्यकाच्या आधी तत्त्वज्ञानाचा आहे आणि अमरावती जिल्ह्याला तो नवा नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूरला म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचं हे चरित्र. स्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना गाठून त्यांनी आठवणी टिपल्या आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतल्या. भक्ती अपार होती. तरी साक्षीदार लागलेच.

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ, म्हणजे जाणून घ्यायचे विषय, सांगितले आहेत. त्यांत ‘संशय’ तिसरा आणि ‘निर्णय’ नववा. म्हणजे संशय ही अश्रद्धा नव्हे, विचाराला लागणारं भांडवल आहे. गाठ हाताला लागलेली बाई नेमकी याच दोन पदार्थांच्या मध्ये उभी असते. आणि घरचे तिला एकदम नवव्यावर नेऊन बसवतात: कोणी म्हणतं काही नाही, कोणी म्हणतं संपलं सगळं.

अमरावती असो की अकोला, सर्जनची रीत तीन पुराव्यांची. पहिला हात. दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा बोटांच्या सपाट भागानं तपासायच्या. गाठ सरकते की रुतून बसली आहे, कातडीला खळी पडली का, बोंड आत ओढलं गेलं का, ते पाहायचं. तरुण मुलींमधली फायब्रोॲडिनोमाची गाठ बोटाखालून अशी निसटते की डॉक्टर तिला उंदीर म्हणतात. शिकवलेल्या हाताची ताकद मुंबईत मोजली गेली आहे. टाटा रुग्णालयाने 1998 पासून वीस वर्षं झोपडवस्त्यांतल्या दीड लाखाहून जास्त बायांचा अभ्यास केला. अर्ध्या वस्त्यांत आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासणी करत. पन्नाशीपुढच्या बायांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी दिसले. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही.

दुसरा पुरावा चित्राचा. तरुण बाईची आधी सोनोग्राफी, चाळिशीनंतर मॅमोग्राफीही. पण चित्र म्हणजे सावली; सावलीवरून वस्तू ओळखणं हे अनुमानच. दाट स्तनांत मॅमोग्राफीला कर्करोग दिसत नाही, असंही घडतं.

तिसरी सुई. बारीक सुईनं पेशी निघतात, जाड सुईच्या बायोप्सीत मांसाचा धागाच निघतो आणि पॅथॉलॉजिस्ट तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. बाईच्या दृष्टीनं हे आप्तवचन. आप्त कोण, याचं उत्तर न्यायभाष्यात वात्स्यायन देतो: ज्याला वस्तूचं साक्षात ज्ञान आहे आणि जे पाहिलं तेच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. तो ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ. या व्याख्येत अंगारा देणारा देवऋषी बसवणं अवघड आहे.

सुईला मात्र गावात वाईट नाव. “सुई टोचली का पसरते” ही भीती शिकलेल्या घरांतही भेटते. बायोप्सीमुळे आजार बळावतो, असं वैद्यकाला आढळलेलं नाही. आजार आधीच होता, नाव त्या दिवशी कळलं. दोष सुईवर आला.

तिन्ही साक्षी एकच बोलल्या तर निदान चुकण्याची शक्यता फारच थोडी उरते. खरी परीक्षा त्या भांडतात तेव्हा. हाताला गाठ कडक लागते, चित्रात कडा वेड्यावाकड्या दिसतात आणि सुईचा रिपोर्ट म्हणतो, काही नाही. चांगला डॉक्टर अशा वेळी पेढे वाटू देत नाही. सुई नेमकी गाठीत गेली नसेल, असं धरून तो पुन्हा बायोप्सी सांगतो किंवा गाठच काढून तपासायला पाठवतो. बाहेर बाकावर बसलेल्या सासूला ते पटत नाही. रिपोर्टचा कागद पदराखाली धरून ती विचारते, “चांगला आला न बाप्पा, मंग पुन्हा कायले?”