विंचवाच्या रात्रीची संमती

लाल विंचू चावलेले मूल रात्री दवाखान्यात आणतात, तेव्हा ते घामाने निथळत असते, हातपाय गार पडलेले असतात आणि काही तासांत फुफ्फुसात पाणी होण्याची भीती असते. अशा वेळी बापापुढे संमतिपत्र ठेवले आणि दोन उपचारांपैकी कोणता मिळेल ते चिठ्ठी ठरवील असे सांगितले, तर तो नेमकी कशावर सही करतो? मजकूर कानांवरून गेलेला असतो. सही होते ती समोरच्या डॉक्टरच्या भरवशावर. रत्नागिरी-रायगडच्या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही; चिपळूण तालुक्यातल्या मार्गताम्हान्याचे नातू रुग्णालय आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे विंचूदंशावरचे संशोधन गावोगावच्या अशाच रुग्णांवर उभे राहिले. संमतीतून विश्वास जन्मत नाही. विश्वास आधीच असतो, म्हणून संमती मिळते. त्यामुळे सही झाली तरी संशोधकाचा भार तसूभरही हलका होत नाही, असे मला वाटते.

तो भार पेलला की नाही, हे चाचणीच्या आखणीत दिसते. बावस्करांची २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेली चाचणी पाहा. रुग्ण ७०. प्राझोसिनने विंचूदंशातले जीव वाचतात हे तोवर कळलेले होते, म्हणून ते दोन्ही गटांना दिले. त्यांतल्या ३५ जणांना जोडीला विंचवाचे प्रतिविष. दहा तासांत या गटातले ३२ जण पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवरचे ८. कुणालाही औषधावाचून ठेवले नाही, तरी उत्तर लख्ख मिळाले. याउलट १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा मेमोरियलने केलेल्या चाचणीत सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. निम्म्यांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ठराविक काळाने तपासणी झाली, उरलेल्यांना आरोग्यशिक्षण मिळाले, तपासणी नाही. तपासलेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, आणि स्वस्त तपासणीने जीव वाचतात हे कळणे मोलाचेच होते. चाचणीचे समर्थक म्हणतात की त्या स्त्रियांना एरवीही तपासणी मिळत नव्हती, मग हिरावले काय? हा आक्षेप वजनदार आहे, पण मला तो पटत नाही. दारात जाऊन नाव नोंदवून घेतले, वर्षानुवर्षे माहिती घेतली, की ती बाई ‘एरवीची’ राहत नाही. तिचे आपल्याशी नाते जडलेले असते. शिवाय हाच युक्तिवाद निर्वासितांच्या छावणीत नेला, तर ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यावर काहीही करून पाहण्याची मुभा मिळते. वंचना जितकी मोठी तितकी संशोधकाची सवलत मोठी, हे उलटे गणित आहे.

आता कुणी म्हणेल, संगणकावर आभासी रुग्ण तयार करता येतात, मग संमतीचा हा पेचच सुटेल. काही प्राण्यांचे आणि माणसांचे हाल त्याने नक्की वाचतील. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण तो आभासी रुग्ण खऱ्या नाडीच्या, खऱ्या रक्तदाबाच्या नोंदींवरच घडतो. कोकणातल्या विंचवाचे विष एखाद्या मुलाच्या हृदयावर तासागणिक काय करते, हे यंत्राला कुणाच्या तरी केसपेपरातूनच कळणार. आणि त्या केसपेपरावर बापाने केलेली सही एका रात्रीपुरती होती.