पेडिअ‍ॅट्रिशियन म्हणजे पायांचा डॉक्टर?

हसताय काय? हे उत्तर एकट्यादुकट्याचं नाही, निम्म्या वर्गाचं आहे. 'पेड' म्हणजे पाय, असं मी मागच्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं. पेडल, पेडेस्ट्रियन, सेंटिपीड. तेवढं ऐकलंत आणि सुटलात मोकाट. अरे, तो 'पेड' लॅटिन. पेडिअ‍ॅट्रिशियनमधला ग्रीक, आणि त्याचा अर्थ मूल. कोशाचं एक पान उलटायला हात दुखत होते का?

दुसरा प्रताप 'इनफ्लेमेबल'चा. पिरंगुटच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या टँकरवर हा शब्द येता-जाता वाचता आणि पेपरात लिहिता, 'न पेटणारे'! 'इन' म्हणजे 'नाही' एवढंच ठाऊक. इथला 'इन' नकाराचा नाही. तो 'आत' या अर्थाचा. 'इनफ्लेम' म्हणजे पेटवणं, म्हणून हे झटकन पेट घेणारं. पेपरात ही चूक एका गुणाची. टँकरशेजारी काडी ओढणाऱ्याला ती केवढ्याला पडेल?

आणि मागच्या बाकांवरची मंडळी, तुम्ही मान खाली घालून सुटणार नाही. तुमच्या त्या याद्या! सोमवारी पाठ, शुक्रवारी सपाट. मुळशीची पोरं तुम्ही. १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे इथले मावळे धरणाविरुद्ध उभे राहिले, तरी भातखाचरं पाण्याखाली गेलीच. त्या पाण्यावर भिऱ्याला वीज होते. आणि तुम्हाला 'हायड्रोइलेक्ट्रिक' लिहिता येऊ नये? हायड्रो म्हणजे पाणी. इलेक्ट्रिकच्या मुळाशी ग्रीकांचा 'इलेक्ट्रॉन', म्हणजे अंबर, दगडासारखी घट्ट झालेली जुनी राळ. ती घासली की कस्पटं ओढून घेते, त्यावरून विजेला हे नाव. 'सबमर्ज'मध्ये सब म्हणजे खाली, मर्ज म्हणजे बुडवणं. मग 'इमर्ज' म्हणजे बुडालेलं वर येणं, आणि एकाएकी वर आलेलं संकट ती 'इमर्जन्सी'. मूळ एक. तुम्ही मात्र हे तीन शब्द तीन वेगळ्या दिवशी घोकता आणि तिन्ही विसरता.

संस्कृत घेता ते मार्क पडतात म्हणून. आहार, विहार, प्रहार, संहार: धातू एकच, उपसर्ग बदलला की अर्थ पालटतो, हे धडाधड म्हणून दाखवता. पण इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट समोर आले की तोंडाला कुलूप! संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून फुटल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स १७८६ साली कलकत्त्यात सांगून गेला. पाद आणि पेड, दंत आणि डेंटिस्ट, नाम आणि नेम ही नाती त्यामुळेच.

पण नुसतं दिसण्यावर जाऊ नका. पेन आणि पेन्सिल भावंडं वाटतात ना? नाहीत. पेन आलं पिसापासून. पेन्सिल आली चित्रकाराच्या कुंचल्यावरून. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ छोटी शेपटी. तिचं खरं भावंड पेनिसिलिन, कारण ते ज्या बुरशीपासून निघतं ती भिंगाखाली कुंचल्यासारखी दिसते. मंगूज तर आपलंच मुंगूस, मराठीतून गेलेलं. तरी एका महाभागाने गूजचं गीस होतं म्हणून मंगूजचं 'मंगीस' केलंय! मंगूजेस होतं ते, बाळा.

पुण्यात डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा कोश घडतो आहे. शब्द प्रथम कुठे सापडला, अर्थ कसकसा बदलला, याचे पुरावे काढत पिढ्या गेल्या. ती विद्वान माणसं पुराव्यावाचून अर्थ लिहीत नाहीत, आणि तुम्ही पेपरात अंदाजपंचे ठोकून देता.

उद्यापासून याद्या बंद. एक मूळ, त्यावरचे चार-पाच शब्द, आणि प्रत्येकासमोर कोशात पाहून लिहिलेला अर्थ. कोश वाचनालयात आहे, फोनवरही आहे, आणि फोन कुणाच्या दप्तरात असतो ते मला चांगलं माहीत आहे. कोश न बघता लिहिलेली वही मी तपासणार नाही.