दोर वर बांधलेला आहे

आजचे वचन : कलस्सैकरांस पत्र १:३–८



आजचं मनन पुण्याच्या खोलीतून नाही, चिखल्यातून लिहितोय. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात आमचं हे गाव. मँगनीजच्या खाणीचं गाव. बाबांची सगळी नोकरी खाणीत, जमिनीखाली गेली. आता ते निवृत्त आहेत, अंगणात खाटेवर बसून पेपर वाचताहेत. आई आत देवघरात दिवा लावतेय. आणि मी ओसरीत बायबल उघडून बसलोय.

या घरात येशूवर विश्वास ठेवणारा मी एकटाच. तीन वर्षं झाली. सुट्टीला आलो की मी आईशी वाद घालायचो. वचनं पाठ होती, मुद्दे तयार होते. मागच्या दिवाळीत तिने ताट वाढलं, त्यात प्रसाद होता. मी तो बाजूला सारला आणि पुन्हा सुरू झालो. ती ऐकत राहिली. मग उठली, दाराशी थांबली आणि एवढंच म्हणाली, "तुह्या देवानं तुले मायसंग भांडाले सांगतलं का रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती फोनवर "जेवला का?" एवढं विचारायची आणि फोन बाबांकडे द्यायची.

हे मनात घेऊनच मी परवा महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलो. नागपूर मागे पडल्यावर कलस्सैकरांस पत्र वाचायला घेतलं. पौल तुरुंगात आहे. कलस्सै गावच्या मंडळीला तो कधी भेटलेलाही नाही. तरी तो देवाचे आभार मानतो, कारण त्यांच्याबद्दल त्याने दोन गोष्टी ऐकल्यात : ख्रिस्तावरचा त्यांचा विश्वास आणि सर्व पवित्र जनांवरची त्यांची प्रीती. मग तो सांगतो की हे दोन्ही एका आशेमुळे आहे. ती आशा त्यांच्यासाठी स्वर्गात राखून ठेवलेली आहे, आणि तिच्याविषयी त्यांना कळलं ते सुवार्तेतून. विश्वास, आशा, प्रीती तिन्ही आली. आणि तिन्ही माणसाने स्वतःच्या जोरावर कमावलेली नाहीत, सुवार्तेने त्यांच्यात रुजवलेली आहेत.

ही सुवार्ता कलस्सैत नेली कोणी? एपफ्रासने. त्याच्या नावावर एकही पत्र नाही, फार मोठी कथा नाही. त्याने ऐकलं आणि दुसऱ्याला सांगितलं, बस.

हे वाचताना खिडकीतून भंडारा रोड स्टेशन गेलं आणि मला नारायण वामन टिळक आठवले. कारण गोष्ट याच रेल्वेमार्गावरची आहे. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. दोघं कवितेवर बोलले, धर्मावर बोलले. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि म्हणाला की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते पटलं नव्हतं. पण शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतलं. वाचत वाचत ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले. पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो सहप्रवासी म्हणजे आपल्या विदर्भातला एपफ्रासच म्हणा ना!

बघा, टिळकांना त्या माणसाने वादात हरवलं नाही. त्याने पुस्तक हातात दिलं आणि तो उतरून गेला. पुढचं काम वचनाने केलं. विश्वास असा येतो. मी मात्र आईच्या बाबतीत वचनाचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

पण ही गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच राहील. टिळकांच्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. कट्टर सोवळ्यातल्या घरची बाई, पदरात लहान मुलगा, आणि नवरा धर्म बदलून गेलेला. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नगरला टिळकांकडे आल्या तेव्हाही त्यांचं पाणी वेगळं, चूल वेगळी. टिळकांचा स्वभाव तापट, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण बायकोवर त्यांनी धर्माची सक्ती केली नाही. एकाच घरात दोन चुली चालू दिल्या. मग एक दिवस लक्ष्मीबाईंनाच विचार करता करता उमगलं की ही जातपात देवाने केलेली नाही, माणसांनी केलेली आहे. त्या दिवसापासून त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि टिळकांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या मागे पुरं केलं ते याच लक्ष्मीबाईंनी.

घरात दोन चुली चालू देणं, हीसुद्धा प्रीतीच. प्रीती सहनशील आहे असं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात आपण वाचतो, स्टेटसला लावतो, लग्नाच्या कार्डावर छापतो. पण सहनशील म्हणजे किती दिवस? टिळकांच्या घरात ती वर्षानुवर्षं चालली.

मग एवढा धीर आणायचा कुठून? इथे आशा येते. आणि आशा मला समजली ती काल संध्याकाळी, बाबांकडून.

मी सहज विचारलं, "बाबा, इतकी वर्षं केजमध्ये बसून खाली जायचात, भीती नाही वाटायची?" ते म्हणाले, "पहिले पहिले वाटे. खाली अंधार, टोपीवरच्या दिव्यात चार पावलं दिसते. मंग एका जुन्या माणसानं सांगतलं, खाली काऊन पाह्यतं? दोर वर बांधला हाय."

मी गप्प बसलो. पौल नेमकं हेच सांगतोय! आशा *स्वर्गात* राखून ठेवलेली आहे. ती माझ्या मूडला बांधलेली नाही. आई कधी ऐकेल, मॅनेजर कधी प्रमोशन देईल, रिपोर्ट नॉर्मल येईल की नाही, याला बांधलेली नाही. ज्याने कबर रिकामी केली त्याने ती वर धरून ठेवलीय. आपल्याला दिसतात चारच पावलं. तेवढी दिसली तरी कामाला उतरता येतं, कारण दोराचं दुसरं टोक वर आहे.

आशा माझ्याकडे नव्हती, म्हणून मी घाई करत होतो. आईला आजच्या आज बदललं नाही तर सगळं हातातून जाईल असं वाटायचं. त्याला मी विश्वास म्हणत होतो. खरं तर ती भीती होती. आणि भीतीतून प्रीती निघत नाही, भांडण निघतं.

काल रात्री आई भाकरी थापत होती. मी चुलीजवळ बसलो आणि म्हणालो, "आई, मागच्या दिवाळीत चुकलो. माफ कर." प्रसाद मी आजही घेत नाही, तेही हळू आवाजात सांगितलं. ती काही बोलली नाही. भाकरी उलटली. थोड्या वेळाने म्हणाली, "वांग्याची भाजी केली हाय. गरम हाय तवर जेव."

एवढंच. येशूबद्दल तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण वर्षभराने ती माझ्यासमोर बसून जेवली.

मित्रांनो, तुमच्याही घरात किंवा पीजीच्या रूममध्ये असं एक माणूस असेल, ज्याच्यासमोर तुम्ही सुवार्ता बोललात खूप पण वागलात कमी. आज त्याला वचन फॉरवर्ड करू नका. आज त्याच्याशेजारी बसून जेवा. मागायची असेल तर माफी मागा. बाकीचं ज्याचं काम आहे तो करील.

प्रार्थना : हे प्रभू येशू, विश्वास तुझ्या वचनातून येतो, तो आम्ही कुणावर लादू नये. प्रीती तुझ्यासारखी धीराची दे. आणि जेव्हा खाली फक्त अंधार दिसेल, तेव्हा आमची आशा तू वर धरून आहेस याची आठवण दे. आमच्या आईवडिलांना सांभाळ. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.