लिहून होणारा उपचार

सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गची मुलं बारावीनंतर पदवीसाठी देवगडला किंवा कणकवलीला जातात, नाहीतर मुंबईला काका-मामाच्या खोलीवर. यांतल्या एखाद्याला ताप आला तर घरात कोणी लपवत नाही. पण महिना महिना नीट झोप लागत नाही, पुस्तक उघडवत नाही, मित्राचा फोन घ्यावासा वाटत नाही, असं सुरू झालं की घरातलं बोलणं बदलतं. ‘उगाच इचार करीत बसू नको,’ असं आई म्हणते. आजी गिर्येच्या रामेश्वराला गाऱ्हाणं घालते. हे सगळं मायेपोटीच होतं आणि त्या मायेला मी नावं ठेवणार नाही. पण नैराश्य हा आजार आहे, त्याला उपचार आहे, आणि तो या मुलापर्यंत पोहोचत नाही.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जण उपचाराविना असल्याचं दिसलं. आपल्याकडे जिल्हा रुग्णालय ओरोसला. विजयदुर्गहून तळेरे, कणकवली करत एस.टी.नं जाऊन यायचं तर दिवस मोडतो. पण अंतरापेक्षा मोठी अडचण ओळखीच्या डोळ्यांची आहे. गाडीत ओळखीचे, रांगेतही ओळखीचे. ‘कोणाचो रे तू?’ हा प्रश्न आपल्याकडे आपुलकीनं विचारतात; मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मात्र तो ऐकण्यापेक्षा घरी परतावंसं वाटतं.

म्हणून इंटरनेटवरून होणाऱ्या उपचाराकडे मी आशेनं पाहतो. ऑस्ट्रेलियात २००१ सालीच ‘मूडजिम’ नावाचा असा कार्यक्रम तरुणांसाठी सुरू झाला, आणि स्वीडनमध्ये तर सरकारी रुग्णसेवेतच या पद्धतीचे उपचार मिळतात. त्यात जादू काही नाही. दर आठवड्याला एक धडा. मनात कोणता विचार आला, त्याला पुरावा काय, तो लिहून तपासायचा. जी कामं सुटली आहेत त्यांतलं एखादं छोटं काम ठरवून करायचं आणि त्यानंतर कसं वाटलं ते नोंदवायचं. ठरावीक नऊ प्रश्नांची उत्तरं देऊन आजार कमी होतोय की वाढतोय ते पाहायचं. पलीकडे समुपदेशक असेल तर तो हे सगळं वाचतो आणि दोन-तीन दिवसांत उत्तर लिहितो.

लिहून मनाचं काम होतं का, अशी शंका येईल. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचं उदाहरण मला इथे मोलाचं वाटतं. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार आत्मसात केला आणि इथे रुजवला. ते शिक्षण होतं, उपचार नव्हे, हा फरक मी विसरत नाही. पण समुद्रापलीकडच्या माणसाशी केवळ कागदावर विचारांची इतकी बारीक उलटतपासणी होऊ शकते, हे त्यातून दिसतं. आणि समुपदेशनाचं म्हणाल, तर टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा २०१२पासून फोनबरोबर ईमेलवरूनही समुपदेशन करते.

विजयदुर्गसारख्या गावात तर लिहिणं हाच सोयीचा मार्ग आहे. व्हिडिओ कॉलला एकांत लागतो, आणि भरल्या घरात एकांत कुठला? माजघरात आजी, पडवीत वडील, आणि रेंज नेमकी अंगणाच्या एका कोपऱ्यात. लिहिलेला मजकूर रेंज आली की जातो. मुलींसाठी हे अधिकच खरं. फोन भावाबरोबर वाटून वापरावा लागतो, आणि कोणाशी एवढं बोलतेस, हे विचारायला घरात चारजण असतात. लिहिलेलंही कोणी उघडून वाचू शकतं, तेव्हा अशा कार्यक्रमाला वेगळं कुलूप हवंच.

पण ॲप उतरवून दिलं की आपलं काम झालं, असं मानायला माझा ठाम विरोध आहे. संशोधन सांगतं की सौम्य नैराश्यात माणूस एकट्यानं असा कार्यक्रम करूनही बराच सावरतो. आजार त्याहून पुढे गेला असेल तर पाठीशी मदतनीस असलेला कार्यक्रम अधिक लागू पडतो. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर ॲपच्या भरवशावर राहायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मुद्दा मदतनिसाचा आहे. तो कुठून आणायचा? देशात लाख माणसांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही.

उत्तर शेजारच्या गोव्यात सापडतं. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेनं मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. सहा ते आठ बैठकांचा साधा उपचार. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण होते. तीन महिन्यांनी, नेहमीच्या उपचाराला या बैठकांची जोड मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. जोड न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. पुढे संगाथनं मध्य प्रदेशात आशाताईंना हाच उपचार मोबाइलवरून शिकवण्याचा प्रयोग केला. मग पडेल, देवगड, कणकवलीतल्या बाई-माणसांना तो शिकवता येणार नाही, असं कोण म्हणेल? मालवणीत लिहिलेलं दुखणं मालवणीत वाचणारं माणूस पलीकडे हवं. आणि ते दुसऱ्या तालुक्यातलं असावं, म्हणजे ओळखीची भीती उरत नाही. इंटरनेटची खरी किंमत इथे आहे.

असा मदतनीस नेमायला आता निमित्तही आहे: २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. वर्गांत आणि वसतिगृहांत मदतीचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लावायचे आहेत. या आदेशाच्या आधी, एकट्या २०२१मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदवल्या गेल्या होत्या, आणि राज्यांत पहिला क्रमांक १,८३४ मृत्यूंसह महाराष्ट्राचा होता.

सिंधुदुर्गातल्या प्राचार्यांनी समुपदेशकाचं पद केवळ कागदावर भरू नये. कोणा शिक्षकाच्या गळ्यात ते मारण्याऐवजी चार-पाच महाविद्यालयांनी मिळून, मुलांशी लिहून बोलू शकणारी माणसं तयार करावीत. ते होईपर्यंत, हे वाचणाऱ्या मुलामुलींनी एक क्रमांक जवळ ठेवावा: १४४१६. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. ती चोवीस तास चालते, तिला पैसे पडत नाहीत आणि पलीकडून मराठीत बोलतात.