शिकल्याने विश्वास कमी होतो का?



दौंड आणि शिरूर येथे प्रापंचिकांसाठी ईशज्ञानाचे वर्ग सुरू झाले तेव्हा एका ज्येष्ठांनी मिस्सानंतर आम्हाला थांबवून विचारले, "फादर, आमच्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण तिची रोझरी कधी चुकली नाही. हे सगळं शिकून आमचा विश्वास वाढणार की शंका वाढणार?" आम्ही त्या वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. आज नीट देण्याचा प्रयत्न करतो.

वर्ग म्हणजे फार मोठे काही नाही. दौंडला रेल्वेच्या ड्यूट्या सांभाळून दहा-बारा जण जमतात. शिरूरला एका घराच्या ओसरीवर, कारखान्याची पाळी सुटल्यावर. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. फळा आहे, खडू बहुधा संपलेला असतो.

एका संध्याकाळी स्नानसंस्कार हा विषय होता. मागे बसलेल्या एका मावशींनी विचारले, "बाळ दुसऱ्याच दिवशी गेलं, स्नानसंस्कार झाला नव्हता, तर ते कुठं असतं?" (त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहोत.) तीस वर्षांपूर्वी एका जाणत्या माणसाने त्यांना सांगितले होते, की असे बाळ 'लिम्बो'त असते, तिथे दुःख नाही, पण देवाचे दर्शनही नाही. मावशी तेच धरून जगल्या. दर २ नोव्हेंबरला सासू-सासऱ्यांसाठी मेणबत्ती लावायच्या, बाळासाठी नाही. उपयोग नाही, असे वाटायचे.

लिम्बो ही मध्ययुगातल्या ईशज्ञानी मंडळींनी मांडलेली कल्पना. ख्रिस्तसभेने ती श्रद्धासिद्धांत म्हणून कधीच जाहीर केली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात अशा बालकांना देवाच्या दयेवर सोपवले आहे. २००७ साली रोमच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान मंडळाने याच एका प्रश्नावर दस्तऐवज काढून, त्यांच्या तारणाची आशा धरायला गंभीर कारणे आहेत असे म्हटले. आशा, खात्री नव्हे. हा फरकही आम्ही मावशींना सांगितला. खोटा दिलासा द्यायचा नव्हता.

त्या एवढेच म्हणाल्या, "मग हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

आम्हाला हे ठाऊक होते. पुण्यात नगर रस्त्यावर रामवाडीला पेपल सेमिनरी १९५५ पासून आहे. शिरूरची एसटी त्याच रस्त्याने रोज जाते. तिथे ही चर्चा नवी नाही. पण आम्ही प्रवचनात एकदाही त्यावर बोललो नव्हतो. लोकांना झेपणार नाही, असे आम्हीच परस्पर ठरवून टाकले होते. १९८३ च्या धर्मसंहितेतील २२९ वे कलम ख्रिस्ती शिकवण जाणून घेणे हा प्रापंचिकांचा हक्क आणि कर्तव्यही मानते. म्हणजे आम्ही राखून ठेवले होते ते आमचे नव्हतेच.

त्या ज्येष्ठांना आता असे म्हणावेसे वाटते. मावशींचा विश्वास साधाच होता, पण त्यात ईशज्ञान नव्हते असे नाही. होते, फक्त ते दुसऱ्याने हातात दिलेले आणि कधी तपासून न पाहिलेले होते. देव कसा आहे याबद्दल काहीच मत नाही असा भाविक आम्हाला तरी भेटलेला नाही. आजीचेही असणारच. तिच्या वाट्याला बहुधा चांगले आले.

त्यांची भीती मात्र अगदीच खोटी नाही. चार बैठका झाल्या की शेजाऱ्याची प्रार्थना चुकीची वाटू लागते. हे आम्ही सेमिनरीत स्वतः अनुभवले आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी १२७३ च्या डिसेंबरात, मिस्सा करताना आलेल्या एका अनुभवानंतर, आपला महाग्रंथ अपुराच सोडला. लिहिलेले सगळे त्यांना गवताच्या काडीसारखे वाटले. पण ते वाटले आयुष्यभर लिहिल्यानंतर, न लिहिता नव्हे.

येत्या शनिवारी दौंडला पापनिवेदन हा विषय आहे. त्या ज्येष्ठांनी अवश्य यावे, शंका घेऊनच यावे. आणि कोणी येताना खडूची पेटी आणली तर बरे होईल.