राखणदाराची नजर

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात पुसेसावळी नावाचे गाव आहे. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त झाले आणि तेथे जमाव चालून गेला. प्रार्थनास्थळावर हल्ला झाला, जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर जिल्ह्यातील इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवण्यात आली. अफवेची वाट अडली म्हणून कुणी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. आपला काही अपराध नसताना आपलाही आवाज का बंद केला, असेही कुणाच्या मनात आले असेल. आम्हांला वाटते, दोघांचेही खरे होते. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

सुरक्षिततेची बाजू आधी नीट ऐकून घेऊ. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षुकीवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती, एवढेच निमित्त. दुर्बलाचे रक्षण हे राज्यसत्तेचे पहिले कर्तव्य आहे. आग लागण्याची चिन्हे दिसत असताना डोळे मिटून बसणारा राखणदार निर्दोष ठरत नाही. तेव्हा शासनाने काहीच पाहू नये, असे म्हणणे आम्हांला पटत नाही.

परंतु राखणदाराने कुठवर पाहावे? चव्हाट्यावर लावलेला फलक वाचणे वेगळे आणि बंद पाकीट फोडणे वेगळे. सर्वांसाठी लिहिलेला चिथावणीचा मजकूर पोलिसांनी वाचला, तर कुणाचीही खाजगी बाब उघडी पडत नाही. आईने मुलीला, रोग्याने डॉक्टरला किंवा अशिलाने वकिलाला लिहिलेले चोरून वाचले, तर पडते. तसेच, सबळ कारणावरून एकावर संशय घेणे वेगळे आणि पुढेमागे उपयोग होईल म्हणून सर्वांवर पाळत ठेवणे वेगळे.

आमच्या या भागाला पाळतीची जुनी ओळख आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात उभे राहिले. आजच्या सांगलीचा मोठा भाग तेव्हा त्यातच मोडत होता. ब्रिटिशांचे पोलीस खबऱ्यांच्या मदतीने भूमिगतांचा माग काढीत, आणि गावोगावची घरे त्यांना लपवीत. त्या सरकारच्या दृष्टीने ती घरे गुन्हेगारांची होती. आज आपण त्यांना वंदन करतो. यावर कुणी म्हणेल, तेव्हा राज्य परक्यांचे होते, आता ते आपले आहे. खरे आहे. मात्र माणसे बदलतात आणि हत्यार मागे उरते. परक्या सरकारने १८८५ साली केलेला तार कायदा स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके दूरध्वनी ऐकण्याचा आधार राहिला.

न्यायालयांनी त्या हत्याराला म्यान घालण्याचा प्रयत्न केला. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संभाषण ऐकायचे तर गृहसचिवांचा आदेश हवा, त्याला मुदत हवी, त्याचा फेरविचार हवा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचे संभाषण ऐकण्याचे तीन आदेश रद्द करून ती ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले, कारण त्यात सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्नच नव्हता. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, इंटरनेट बंदीचा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे आणि ती बंदी बेमुदत असता कामा नये. तरीही एक उणीव राहिलीच. पाळतीचा आदेश काढणारे अधिकारी शासनाचे आणि त्याचा फेरविचार करणाऱ्या समितीतील सचिवही शासनाचेच. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी लागत नाही, आणि ज्याच्यावर पाळत होती त्याला पुढे कळविण्याचे बंधनही नाही. ज्याला अन्याय झाल्याचे कळतच नाही, त्याने दाद कुठे मागावी?

‘ज्याने काही केले नाही, त्याला भय कशाचे?’ हा प्रश्न आपण चर्चच्या आवारातही ऐकतो. त्याचे उत्तर आपल्याला खरे तर ठाऊक आहे. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने कुणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगायचे नसते. त्या खात्रीशिवाय कुणाचे मन मोकळे होणार नाही. गुप्तता ही केवळ अपराध्याची गरज नाही. पश्चात्ताप, दुःख, प्रेम यांनाही आडोसा लागतो. शिवाय निरपराध्याने निर्धास्त राहावे, असाही अनुभव नाही. येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली. संगणकात सापडलेल्या कागदपत्रांचा त्यांच्याविरुद्ध आधार घेतला गेला. ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, मुंबईत त्यांचे निधन झाले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये एका अमेरिकन तपासणी संस्थेने, ती कागदपत्रे बाहेरून त्यांच्या संगणकात घातली गेली होती, असा अहवाल दिला. या अहवालाची न्यायालयात कसोटी लागायची ती लागो. पण ज्याच्या बाजूने तो होता, तो माणूस ऐकायला उरला नव्हता.

विचारान्ती आम्हांला असे वाटते की, राखणदाराला नजर असावी, पण त्या नजरेवरही नजर असावी. पाळत नेमक्या व्यक्तीवर, नेमक्या कारणासाठी आणि ठरावीक मुदतीपुरती असावी. परवानगी शासनाबाहेरच्या न्यायाधीशाने द्यावी. आणि धोका टळल्यावर संबंधिताला ते कळवावे. यामुळे कधी एखादा दुष्ट निसटेल, हे मान्य करूनच आम्ही हे लिहीत आहोत. शेतातील तण उपटण्याच्या घाईत गहूही उपटला जाऊ नये, हा दृष्टान्त आपल्याला नवा नाही.

मात्र ही मागणी करण्याचा अधिकार आपणही मिळवायला हवा. राईनपाड्याची अफवा शासनाने पसरविली नव्हती. ती सामान्य माणसांनी एकमेकांना पाठविली होती. हातातील मजकूर खरा आहे का, याने कुणाच्या दारावर जमाव जाईल का, हे पुढे पाठविण्याआधी ज्या घरात विचारले जाते, त्या घरापुरते तरी राखणदाराचे काम हलके होते. आणि त्याच घरात वाढत्या मुलाचा फोन त्याच्या नकळत उघडण्याऐवजी त्याला जवळ बसवून विचारले जात असेल, तर विश्वास आणि दक्षता एकत्र नांदू शकतात, हे आपण शासनाला केवळ शब्दांनी सांगत नसू.